अमेरिकेत गाडी दान करताना: फुकट टोइंग ठीक, पैसे कुठे जातात?

एक फोन केला की टो ट्रक दारात, ही या सेवेची खरी सोय. पण फोन उचलणारी बहुतेकदा दान घेणारी धर्मादाय संस्था नसते, मध्यस्थ कंपनी असते. ती गाडी लिलावात विकते, टोइंग आणि स्वतःचं कमिशन कापते, उरेल ते संस्थेला देते. म्हणून आधी विचारा: विक्रीच्या दर १०० डॉलरमागे संस्थेच्या हाती किती पडतात? आकडा सांगायला टाळाटाळ करणाऱ्याला गाडी देऊ नका.

संस्था आयआरएसच्या (अमेरिकेच्या करखात्याच्या) वेबसाइटवर शोधा. मिळत्याजुळत्या नावांनी फसगत होते, त्यामुळे ईआयएन (संस्थेचा कर-ओळख क्रमांक) जुळवूनच पाहा.

टायटलवर (गाडीच्या मालकीच्या कागदावर) घेणाऱ्याच्या नावाची जागा कोरी ठेवायला सांगितलं तर तिथेच थांबा. गाडी कागदोपत्री तुमचीच राहते आणि पार्किंगचे दंड तुमच्या पत्त्यावर येत राहतात. संस्थेचं नाव, तारीख, मायलेज स्वतः भरा, फोटो काढा, डीएमव्हीला (राज्याच्या वाहन नोंदणी कार्यालयाला) लगेच कळवा.

या दानाची करातली वजावट आयटमाइज करणाऱ्यांनाच, म्हणजे सरसकट वजावट न घेता एकेक खर्च दाखवणाऱ्यांनाच मिळते. ती ५०० डॉलरपेक्षा जास्त हवी तर फॉर्म १०९८-सी, म्हणजे संस्थेकडून मिळणारी गाडीदानाची पावती लागते. विक्रीनंतर ३० दिवसांत ती मिळायला हवी. गाडी जशीच्या तशी विकली तर ब्लू बुकमधली (जुन्या गाड्यांच्या अंदाजे किमतींच्या यादीतली) किंमत चालत नाही, विक्रीतून आलेली रक्कमच धरावी लागते. इथेच बहुतेकांची निराशा होते.

गाडी दुरुस्त करून गरजू कुटुंबाला देणारी संस्था सापडली, तर आमची पसंती निःसंशय तिलाच. तिथे बाजारभावानेही वजावट मिळू शकते.