घरातला की-बोर्डचा कोपरा : हिवाळा, उन्हाळा आणि पावसाळ्यातील वापरानंतरचा अनुभव

नाशिकच्या इंदिरानगरमधील आमच्या दुसऱ्या मजल्यावरच्या टू बीएचके फ्लॅटमध्ये गेल्या दिवाळीनंतर आम्ही ८८ पट्ट्यांच्या डिजिटल पियानोसाठी कायमचा कोपरा तयार केला. हिवाळा, उन्हाळा आणि बहुतेक सगळा पावसाळा तो रोज वापरल्यानंतर हा अनुभव लिहीत आहे. घरात वाजवणाऱ्या दोघी आहेत. मी मुळात पेटी शिकलेली, भजनाला आणि सुगम संगीताला साथ करणारी; मुलगी पाश्चात्त्य पद्धतीने पियानो शिकते आणि ग्रेड परीक्षांची तयारी करते. कोणते वाद्य घ्यावे यावर भरपूर लिहिले जाते, पण वाद्याखाली, वाजवणाऱ्याच्या बैठकीखाली आणि जमिनीवर काय असावे यावर फारच थोडे वाचायला मिळते. सराव किती टिकतो आणि शेजाऱ्यांना किती त्रास होतो, हे बहुतांशी याच गोष्टींवर ठरते असे आता माझे ठाम मत झाले आहे.

वाद्याबद्दल इतकेच सांगते की यामाहाचे पी-१४५, रोलँडचे एफपी-१० किंवा कॅसिओचे सीडीपी-एस११० यांसारख्या, ८८ वजनदार (खऱ्या पियानोसारख्या जड लागणाऱ्या) पट्ट्यांच्या सुटसुटीत प्रकारातले ते आहे. या प्रकारातील वाद्ये साधारण १० ते १३ किलो वजनाची आणि सुमारे १.३ मीटर लांबीची असतात. ६१ पट्ट्यांचा की-बोर्ड एक मीटरच्या आत मावतो, त्यामुळे जागेचा हिशोब आधी करावा. वाद्य, बैठक आणि मागे सरकून उठण्याची सोय धरली तर दीड मीटर लांब आणि सव्वा मीटर रुंद जागा मोकळी लागते. आमच्यासमोर हॉल, बंदिस्त केलेली गॅलरी आणि मुलीच्या खोलीची आतली भिंत असे तीन पर्याय होते. हॉलमध्ये टीव्ही आहे. गॅलरी पश्चिमेला असल्याने एप्रिल-मे महिन्यांत दुपारनंतर तिथे हात लावू नये इतकी तापते आणि पावसाळ्यात सरकत्या काचांच्या फटींतून ओल आत येते. म्हणून खोलीची आतली भिंत निवडली. तिच्या पलीकडे आमचेच स्वयंपाकघर आहे, शेजाऱ्यांची झोपायची खोली नाही, हेही मुद्दाम पाहिले. वाद्य भिंतीपासून वीतभर पुढे ठेवले आहे, म्हणजे वायरी दुमडत नाहीत आणि आवाज कोंडत नाही.

वाद्यासोबत दुकानातून मिळालेला इंग्रजी एक्स अक्षराच्या आकाराचा स्टँड काही आठवड्यांतच बाजूला ठेवावा लागला. हलक्या की-बोर्डला तो चालतो. वजनदार पट्ट्यांवर दोन्ही हातांनी जोर दिला की तो डावीकडे-उजवीकडे डोलतो, आणि मधल्या फुलीमुळे गुडघे पुढे घेता येत नाहीत. त्याऐवजी चार पायांचा, टेबलासारखा, उंची बदलता येणारा लोखंडी स्टँड घेतला. पियानोच्या पांढऱ्या पट्ट्यांची वरची पातळी जमिनीपासून साधारण ७२ ते ७४ सेंटिमीटर असते, तीच आम्ही धरली. पेटी वाजवणाऱ्यांना हे महत्त्व लगेच पटत नाही, कारण पेटीत आवाजाचा लहानमोठेपणा भात्यावर असतो आणि पट्टी हलकी दाबली काय किंवा जोरात दाबली काय, फारसा फरक पडत नाही. इथे मात्र प्रत्येक सूर किती जोरात उमटणार हे बोट पट्टीवर किती वेगाने उतरते यावर ठरते, आणि स्टँड डोलत असेल तर हा अंदाज बसतच नाही.

बैठकीचा नियम सोपा आहे: हात पट्ट्यांवर ठेवल्यावर कोपर पट्ट्यांच्या पातळीत किंवा किंचित वर असावे आणि खांदे उचललेले नसावेत. उंची बदलणारा बाक घेतला आहे, कारण मुलीची आणि माझी उंची वेगळी आहे. बाक तिच्यासाठी वर केला की तिचे पाय जमिनीला टेकत नाहीत आणि पाय लोंबकळत असले की पाठ वाकते. यासाठी काहीही विकत आणावे लागले नाही; देवघराजवळचे दोन लाकडी पाट तिच्या पायांखाली ठेवले आणि प्रश्न सुटला. लहान मुलांच्या पालकांनी बाकी काही केले नाही तरी एवढे जरूर करावे.

आता ज्या गोष्टीवर आम्ही सर्वांत जास्त विचार आणि श्रम खर्च केले तिच्याविषयी. हेडफोन लावला की घराबाहेर काहीही ऐकू जात नाही, अशी बहुतेकांची समजूत असते. डिसेंबरमध्ये खालच्या मजल्यावरचे काका जिन्यात भेटले तेव्हा म्हणाले, "ताई, सूर ऐकू आले असते तर आनंदच होता. पण आम्हाला नुसती ठकठक ऐकू येते हो." त्यांचे म्हणणे अगदी खरे होते. वजनदार पट्टीच्या आत एक छोटा हातोडा असतो. पट्टी खाली जाताना आणि परत वर येताना तो धक्का वाद्याच्या तळाला, तिथून स्टँडच्या पायांना, फरशीला आणि स्लॅबला मिळतो, आणि खालच्या घराचे छत तो धक्का आवाज बनवून ऐकवते. हवेतून जाणारा आवाज आणि बांधकामातून जाणारा धक्का या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हेडफोन फक्त पहिली थांबवतो. पेडलवर पडणारा पाय आणि सरकणारा बाकही दुसऱ्या प्रकारात मोडतात.

यावर उपाय म्हणजे वाद्याखाली, लवचीक आधारावर तोललेली जड पाट्यांची बैठक. सुताराकडून १८ मिलिमीटर प्लायच्या दोन पाट्या कापून घेतल्या, साधारण साडेचार फूट लांब आणि अडीच फूट रुंद, आणि त्यांच्यामध्ये रबर शीट घालून त्या एकमेकींवर ठेवल्या. रबर शीट सातपूर औद्योगिक वसाहतीजवळच्या एका दुकानातून मीटरवर कापून मिळाली. खाली वॉशिंग मशीनच्या पायांखाली ठेवतात तसे जाड रबरी गुटके लावले. इथे एक बारकावा महत्त्वाचा आहे. गुटका वजनाखाली थोडा दबला पाहिजे. मुळीच दबला नाही तर तो दगडासारखा धक्का पुढे पाठवतो, आणि पूर्ण चपटा झाला तरी तेच होते. म्हणून आधी चार कोपऱ्यांत चार गुटके ठेवून पाहिले आणि मग वाद्य, स्टँड व पाट्यांच्या एकूण वजनाला पुरतील इतकेच वाढवले. गुटके जास्त म्हणजे परिणाम जास्त, असे मुळीच नाही. स्टँड, पेडल आणि वाजवणाऱ्याचे पाय, तिन्ही या बैठकीवरच येतात. बाक मात्र बाहेर आहे आणि त्याच्या पायांखाली चौपदरी घडी केलेली घोंगडी आहे. सोलापूरकडची ही जाड लोकर सहा-सात महिन्यांत दबलेली नाही.

परिणाम तपासायला मी स्वतः खाली जाऊन बसले आणि मुलीला वर जोरात स्वरमालिका वाजवायला सांगितले. ठकठक पूर्ण नाहीशी झालेली नाही. शांत रात्री कान देऊन बसले तर मंद जाणवते. पण टीव्ही किंवा पंखा चालू असेल तर कळत नाही, आणि काकांनी नंतर एकदाही तक्रार केलेली नाही. तरीही रात्री दहानंतर आम्ही वाजवत नाही. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांत रात्री १० ते सकाळी ६ हा रात्रीचा काळ धरला आहे आणि निवासी भागासाठी दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. आमचा आवाज त्याच्या जवळपासही जात नाही, पण शेजारधर्म म्हणून ही वेळ पाळतो.

भिंतीला चिकटवायच्या फोमच्या चौकटींबाबत दुकानदार बरेच काही सांगतात. हा फोम आवाज अडवत नाही. खोलीतला घुमणारा प्रतिध्वनी थोडा कमी करतो, एवढेच त्याचे काम. पुस्तकांचे भरलेले कपाट, जाड पडदा आणि पलंगावरची गोधडी यांनी आमच्या खोलीतला घुमारा पुरेसा उतरला, म्हणून फोम घेतलाच नाही. गणपतीच्या आधी जवळच्या मैदानात ढोल पथकाची तालीम सुरू झाली की संध्याकाळचा सराव हेडफोनवरच होतो, कारण इतका जड नाद अडवायला जाड भिंत लागते, आणि नाशिकमध्ये राहून ढोलाशी भांडण्याची माझी इच्छाही नाही.

हेडफोन वायरचा आणि कान पूर्ण झाकणारा घेतला. ब्लूटूथचा हेडफोन वाजवण्यासाठी उपयोगाचा नाही. त्यात साधारण १०० ते २०० मिलिसेकंदांचा उशीर होतो, म्हणजे बोट खाली गेल्यावर सूर मागून येतो आणि लय मोडते. उन्हाळ्यात कान झाकणारा हेडफोन अर्ध्या तासातच नकोसा होतो, तेव्हा मध्ये विश्रांती घेतो. आवाजाची पातळी मुलांच्या बाबतीत पालकांनी स्वतः ठरवावी. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनानुसार मोठ्यांसाठी आठवड्याला ४० तास ८० डेसिबल आणि मुलांसाठी तेवढ्याच वेळासाठी ७५ डेसिबल ही सुरक्षित मर्यादा आहे. आमच्या वाद्यावर आवाजाच्या बटणाशेजारी रंगीत ठिपका लावून मुलीची मर्यादा ठरवून दिली आहे.

माझ्या पेटीच्या सवयीला या कोपऱ्याने एक चांगले वळण लावले. की-बोर्डवर ट्रान्सपोजचे, म्हणजे सगळे सूर एकदम वर-खाली सरकवणारे बटण असते; काळी एकमध्ये, म्हणजे पहिल्या काळ्या पट्टीला सा धरून गायचे असेल तर बटण एकने वाढवून पांढरी एकचीच बोटे ठेवता येतात. कार्यक्रमात घाईच्या वेळी ही सोय चांगली आहे. सरावात मात्र मी ते बंद ठेवते आणि काळी एक, काळी चार, पांढरी पाच अशा सगळ्या पट्ट्यांना सा धरून अलंकार (ठरावीक क्रमाचे स्वरसमूह) प्रत्यक्ष वाजवते, कारण समोर खरी पेटी आली की तिला असे बटण नसते. तानपुऱ्याचे अॅप फोनवर लावून त्याचा आवाज वाद्याच्या ध्वनिप्रवेशातून (बाहेरचा आवाज आत घेणाऱ्या ऑडिओ-इन खाचेतून) घेतला, तर सूर आणि आधार एकाच हेडफोनमध्ये ऐकू येतात. सुगम संगीताचा सराव करणाऱ्यांनी वाद्य घेताना ही खाच आहे का हे पाहून घ्यावे.

विजेच्या बाबतीत दोनच गोष्टी सांगते. पावसात वीज गेल्यावर घरचा जुना इन्व्हर्टर चालू झाला की स्पीकरमधून घरघर येते, कारण त्याचा प्रवाह शुद्ध साइन वेव्ह, म्हणजे नेहमीच्या विजेसारखा सलग लहरीचा नाही. अशा वेळी सेलवर चालणारे वाद्य असेल तर फार सोय होते. आणि लॅपटॉप यूएसबीने जोडून त्याच वेळी चार्जर लावला की कधीकधी गुणगुण ऐकू येते. चार्जर काढून बॅटरीवर चालवले की ती थांबते.

पावसाळ्यात प्लास्टिकचे झाकण वापरले नाही, कारण त्याखाली दमटपणा अडकतो. जुन्या सुती साडीचे दुहेरी झाकण शिवले आहे आणि आत सिलिका जेलच्या पुड्या ठेवतो. पुड्या ओलावल्या की बदलतो. वाद्याजवळ खाणे पूर्ण बंद आहे, कारण मुंग्या आणि लहान पाली आतल्या भागात शिरल्या की दुरुस्ती अवघड होते. डिसेंबर-जानेवारीत सकाळी नाशिकची थंडी बोटांत भरते, तेव्हा कोमट पाण्यात हात धरून मगच हळू लयीत सुरुवात करतो.

उणिवाही आहेत. प्लायच्या बैठकीखालचा केर काढायला ती दोघांनी उचलावी लागते, आणि नव्या रबराचा वास जवळजवळ महिनाभर खोलीत राहिला होता. वजनाने गुटके हळूहळू बसत असल्याने बैठक एका बाजूला कलते. म्हणून साधारण महिन्यातून एकदा सगळे उतरवून गुटके उलटे करतो आणि त्याच वेळी स्टँडचे व बाकाचे बोल्ट आवळून घेतो, कारण रोजच्या वाजवण्याच्या हादऱ्यांनी ते नक्की सैल झालेले असतात.