नोकरी, दोन पोरं आणि जीएनएम: माझ्या कॉलेजला साडेतीन स्टार

कॉलेजचं नाव लिहीत नाहीये, कारण अजून दीड वर्ष तिथेच काढायचंय आणि आमच्या क्लार्क मॅडम सगळं वाचतात. जळगावातलं आहे, जीएनएमचं (नर्सिंगचा डिप्लोमा) आहे, एवढं पुरे. पण ज्या बायका नोकरी करताहेत, घरी लहान पोरं आहेत आणि "आता नर्सिंग करू का" म्हणून विचारत फिरताहेत त्यांच्यासाठी लिहितेय, कारण मी ४ ठिकाणी फिरले तेव्हा मला सरळ कोणीच काही सांगितलं नव्हतं.

मी अमळनेरला एका खाजगी दवाखान्यात ९ वर्षं एएनएम (जीएनएमच्या खालचा नर्सिंग कोर्स केलेली) म्हणून आहे. अ‍ॅडमिशन घेतली तेव्हा पगार १२ हजार, पोरगी पाचवीत, पोरगा पहिलीत, मिस्टरांचा छोटा हत्ती (मालाचा टेम्पो) आहे, कापसाच्या सिझनला ते रात्री ११ शिवाय घरी दिसत नाहीत. ९ वर्षं काही वाटलं नाही, मग आमच्याकडे एक २२ वर्षांची जीएनएम झालेली पोरगी आली, पहिल्या दिवसापासून पगार १८ हजार आणि इनचार्ज. पोरगी चांगली आहे, तिच्याबद्दल तक्रार नाही, पण लहान बाळाची शीर सापडली नाही की हाक मलाच मारायची, "ताई जरा या ना". मी कॅन्युला टाकून द्यायची आणि रजिस्टरवर सही तिची. तिसऱ्या-चौथ्या वेळेला डोक्यात गेलं.

सासूबाई म्हणाल्या, "काय करशी वं इतलं शिकीसन?" त्यांचंही बरोबर होतं, मला स्वतःला ३७ वर्षं पूर्ण होती.

बी.एस्सी. नर्सिंगचा प्रश्नच नव्हता, ते ४ वर्षांचं, त्याला बारावी सायन्स फिजिक्स-केमिस्ट्री-बायोलॉजी लागतं, वर सीईटी, आणि माझी बारावी आर्ट्सची. जीएनएम ३ वर्षांचं, आर्ट्सवाल्यांनाही चालतं, आणि पुढे वाटलं तर २ वर्षांचं पोस्ट बेसिक करून बी.एस्सी. होता येतं.

पहिली जागा बघितली ती एका झेरॉक्सच्या दुकानावर दुसऱ्या मजल्यावर. बोर्डावर "१ वर्षात नर्सिंग डिप्लोमा, फक्त रविवारी वर्ग". आत एक हात तुटलेली डमी, एक बीपीचं मशीन आणि भिंतीवर हाडांचा चार्ट. मी विचारलं, हे झाल्यावर रजिस्ट्रेशन कुठलं मिळतं? तर म्हणे "ताई सर्टिफिकेट मान्यताप्राप्त आहे". मी परत विचारलं, महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलचं रजिस्ट्रेशन मिळतं का? तर चहा मागवला. बायांनो, कौन्सिलचा नंबर नसेल तर तुम्ही नर्स नाही, विषय संपला. घरी पेशंट सांभाळायच्या कामाला असले कोर्स उपयोगी पडत असतील, पण त्याला नर्सिंग म्हणून ४० हजार घेणं म्हणजे लूट.

दुसऱ्या ठिकाणी मात्र मी फसायच्या बेतात होते, खोटं कशाला बोलू. कॉलेज खरं, बिल्डिंग मोठी, आणि ऑफिसमधले सर इतके गोड बोलले की विचारू नका. "ताई तुम्ही ९ वर्षं काम करताय, तुम्हाला काय शिकवायचं आम्ही, तुम्ही नोकरी करा, परीक्षेला या, अटेंडन्सचं आमच्यावर सोडा, त्याचे थोडे वेगळे लागतील." घरी येऊन मिस्टरांना सांगितलं तर आम्ही दोघंही खूष, नोकरी पण राहते, डिप्लोमा पण मिळतो, अजून काय पाहिजे. २ दिवस मी याच आनंदात होते. मग सहज फोन करून विचारलं की क्लिनिकल, म्हणजे वॉर्डातलं प्रत्यक्ष काम, कुठल्या हॉस्पिटलला असतं, तर त्यांनी जे नाव सांगितलं तिथे माझी मावसबहीण कामाला आहे. २० बेड, त्यातले ६ कायम रिकामे. नर्सिंग स्कूलला १०० बेडचं हॉस्पिटल जोडलेलं पाहिजे असा इंडियन नर्सिंग कौन्सिलचा नियम आहे, तो काय उगीच नाही ना, २० बेडमध्ये ६० पोरी काय करणार, एका पेशंटचा बीपी १० जणी घेणार? आणि मी विचार केला की मला तरी काय येतं, सलाईन, इंजेक्शन, डिलिव्हरीला मदत. व्हेंटिलेटर मी लांबूनच बघितलेला. तोच जर शिकायला मिळणार नसेल तर मी १८ हजारवाल्या खुर्चीत बसून परत कोणालातरी "ताई जरा या ना" करणार.

तिसऱ्या ठिकाणी हॉस्टेल कंपल्सरी. मी म्हटलं मला २ पोरं आहेत, ते म्हणाले नियम सगळ्यांना सारखा. धन्यवाद, नमस्कार.

चौथं म्हणजे हे आमचं. इथल्या प्रिन्सिपल मॅडमशी पहिली भेट अजिबात चांगली झाली नाही. मी नेहमीचं सुरू केलं, नोकरी आहे, पोरं आहेत, काही जमेल का. त्यांनी मला बाहेर नोटीस बोर्डापाशी नेलं आणि रोस्टर दाखवलं. म्हणाल्या, "हे वाचा आणि मग मला सांगा." सकाळी ८ ते १२ वॉर्ड, जेवण, मग १ ते ४ लेक्चर, शनिवारी पण. "पूर्णवेळ नोकरी करून हे होत नाही, होतं असं जो सांगेल त्याच्याकडे जाऊ नका." मला इतका राग आला होता. एसटीत बसेपर्यंत मनात भांडत होते. पण आता मागे वळून बघते तर ४ ठिकाणी फिरून खरं बोललेली ती एकच बाई.

आता क्लार्क मॅडम. अर्धा स्टार यांच्यामुळे गेला. फॉर्म घेऊन गेले तर जन्मतारीख बघून म्हणाल्या "३५ च्या वर आहात, होणार नाही", आणि फॉर्म सरकवून दिला, मान वर पण केली नाही. ३५ ची अट आहे, खरी आहे, पण रजिस्टर्ड एएनएमना जीएनएमसाठी वयाची अट नाही, हे इंडियन नर्सिंग कौन्सिलच्याच नियमात लिहिलंय. माझ्याकडे मोबाईलवर ते पान होतं, दाखवलं, तर "मोबाईलवर काहीही येतं". शेवटी प्रिन्सिपल मॅडमना बोलवावं लागलं. माझ्यानंतर आलेल्या एका एएनएमला पण हेच ऐकवलं, ती बिचारी परतच गेली होती, नंतर कोणीतरी सांगितलं म्हणून आली. एएनएम असाल तर त्या नियमाची प्रिंट काढून सोबत न्या. आणि मूळ मार्कशीट तपासून झाल्या की तिथल्या तिथे परत मागा, "राहू द्या फाईलला" म्हटलं तरी मागा.

फी आमच्याकडे वर्षाला ७५ हजार, ३ हप्ते देतात, ते चांगलं. पण युनिफॉर्म वेगळा, परीक्षा फी वेगळी, लॅम्प लायटिंगचे (दिवा लावून शपथ घ्यायचा कार्यक्रम) वेगळे, प्रोसिजर बुकचे वेगळे, पहिल्या वर्षी ११ हजार असे किरकोळात गेले आणि हे आधी एका कागदावर लिहून कोणी देत नाही. शिष्यवृत्तीचं म्हणाल तर सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवर तुमचं कॉलेज आणि कोर्स दिसतोय का हे अ‍ॅडमिशनच्या आधी बघा, नंतर रडून उपयोग नाही.

मॅडमचं ऐकून पण मी शहाणी झाले नाही. पहिले ५ आठवडे मी नाईट ड्युटी करून कॉलेज केलं. रात्री ८ ते सकाळी ६ दवाखाना, घरी येऊन पोरांचे डबे, धावत स्टेशन, जळगाव, संध्याकाळी परत गाडी. असं कोणी सांगत असेल की जमतं तर ती बाई खोटं बोलतेय किंवा झोपेत बोलतेय. एक दिवस परतीच्या गाडीत धरणगाव गेल्याचं आठवतं, त्यानंतर एका आजीने हलवून उठवलं तेव्हा बाहेर नरडाणा. अमळनेर कधी मागे गेलं पत्ता नाही, फोनवर मिस्टरांचे १४ मिस कॉल. त्या रात्री ड्युटीला गेलेच नाही. आणि खरं सांगू का, गाडीचं एवढं नाही, पण तशाच झोपेत मी आदल्या रात्री पेशंटला इंजेक्शनं दिली होती, ते आठवून हात गार पडले.

दवाखान्याच्या डॉक्टरांना सांगितलं, आता मी शनिवारची रात्र आणि रविवारचा दिवस करते, ४८०० मिळतात. घर मिस्टरांच्या गाडीवर आणि माझ्या मंगळसूत्राच्या वाट्या सोडून बाकी सोन्यावर चाललंय. एसटीला बायकांना २०२३ पासून अर्धं तिकीट आहे ते एक बरं, गाडी चुकली की एसटी परवडते.

शिकवण्याला मात्र मी ५ पैकी ५ देईन, निदान फंडामेंटल्सला, म्हणजे नर्सिंगच्या मूळ गोष्टींना तरी. ९ वर्षं मी सुई वापरून झाली की दोन्ही हातांनी टोपण लावायची, सगळेच लावतात, आमच्या ट्युटर मॅडमनी पहिल्याच आठवड्यात हातावर टपली मारली. टोपण लावायचंच नाही, सुई सरळ पांढऱ्या डब्यात. किती वेळा बोटाला टोचलंय मला आणि मी स्पिरिट लावून विसरून गेलेय. कमरेच्या इंजेक्शनचं पण तसंच, आम्ही मागे द्यायचो, तिथे सायटिक नर्व्ह जवळ असते म्हणून आता बाजूला, व्हेंट्रोग्लुटियलला द्यायला शिकवतात, हाताचा तळवा ठेवून जागा कशी मोजायची ते माझ्याकडून ३० वेळा करून घेतलं. परवा रविवारी त्या इनचार्ज पोरीला दाखवलं, ती म्हणे "ताई आम्हाला पण होतं हे, विसरले".

वाईट काय, तर लायब्ररी ४ वाजता बंद, म्हणजे लेक्चर सुटतं तेव्हाच. मायक्रोबायोलॉजीला वर्षात ३ ट्युटर बदलले. उद्याचं पोस्टिंग बदललं हे ग्रुपवर रात्री साडेदहाला कळवतात, घरात लहान पोरं असलेल्या बाईला याचा किती त्रास होतो हे हॉस्टेलच्या पोरींना नाही कळणार. पुस्तकं इंग्रजीतून, मला एक पान वाचायला पहिल्या वर्षी अर्धा तास लागायचा.

अटेंडन्सचं नीट समजून घ्या. थिअरी-प्रॅक्टिकलला ८० टक्के हजेरी पाहिजे म्हणतात, ऐकायला सोपं वाटतं, पण क्लिनिकलचे तास सर्टिफिकेट मिळायच्या आत पूर्ण १०० टक्के भरून द्यावे लागतात. मागच्या वर्षी पोराला कांजिण्या झाल्या, तो उठतो न उठतो तर पोरीला. माझे १२ दिवस गेले. ते मी दिवाळीच्या सुट्टीत भरून दिले, लक्ष्मीपूजनाच्या दिवशी संध्याकाळी ५ पर्यंत मेडिसिन वॉर्डात होते, घरी पोहोचले तर पूजा मांडून सासूबाई दारात बसलेल्या. काही बोलल्या नाहीत. कॉलेजने दंड लावला नाही, दिवस भरून घेतले, हे मी त्यांच्या बाजूने लिहिते. दुसऱ्या एका कॉलेजात दिवसाला १०० रुपये घेऊन सही देतात असं मैत्रीण सांगते, तेही एक मॉडेल आहे म्हणा.

आणि एक गोष्ट जी मी विचारलीच नव्हती, तुम्ही नक्की विचारा: मेंटल हेल्थचं पोस्टिंग कुठे? दुसऱ्या वर्षाला असतं. सरकारी मनोरुग्णालयं ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरी, खान्देशात एकही नाही. आमचं पुण्याला आहे, ४ आठवडे, राहून. हे मला ऑगस्टमध्ये ग्रुपवर कळलं, अर्थात रात्री साडेदहाला. अ‍ॅडमिशनच्या वेळी नोटीस बोर्डापाशी उभं करून सगळं दाखवलं त्याच मॅडमनी हे तेवढं सांगितलं नाही, याचा अख्खा एक स्टार कापलाय.

पुढच्या महिन्यात १० तारखेला निघायचंय. आईला चोपड्याहून बोलावणार होते, तर सासूबाई म्हणाल्या "जाय तू, पोरेसले मी देखी लिसू". पोरीची सहामाही नेमकी त्यातच येतेय. परत आल्यावर स्टार बदलले तर इथेच खाली लिहीन.