स्यूडोमोनासची बायोफिल्म: सिप्रोफ्लॉक्सासिन की कोलिस्टिन?

स्यूडोमोनास एरुजिनोसा हा जिवाणू द्रवात सुटा असताना सिप्रोफ्लॉक्सासिनला सहसा लवकर बळी पडतो. मात्र स्वतःच्या चिकट स्रावात वसाहत करून, म्हणजे बायोफिल्ममध्ये, राहिला की तेच औषध अपुरे पडते. औषध आत शिरत नाही असे नव्हे. सिप्रोफ्लॉक्सासिन खोलवर पोहोचते, पण ते मुख्यतः पेशी वाढताना डीएनएचा पीळ सांभाळणाऱ्या विकरांवर घाला घालत असल्याने, प्राणवायूअभावी वाढ थांबलेल्या आतल्या पेशी बऱ्याच अंशी बचावतात. कोलिस्टिनचे नेमके उलट आहे: ते पेशीपटलच फोडते, त्यामुळे प्रयोगशाळेत आतल्या मंद पेशी मरतात आणि वरच्या थरातील सक्रिय पेशी पटलाच्या रचनेत बदल करून तग धरतात. एकच निवडायचे झाल्यास, मूत्रपिंडाला होऊ शकणारा अपाय पाहता, कोलिस्टिनला दुसरे स्थान द्यावे लागेल. तथापि प्रयोगांत दोन्ही एकत्र दिल्यावर जवळजवळ सगळी वसाहत नष्ट झालेली आहे.