एलटीएसपी: जुन्या पीसींच्या लॅबसाठी उत्तम, पण आधी केबल तपासा

आमच्या शाळेच्या लॅबमधले पीसी कोअर टू ड्युओच्या जमान्यातले. बऱ्याच पीसींच्या हार्ड डिस्क गेलेल्या, विंडोज ७ चा सपोर्ट तर जानेवारी २०२० मध्येच संपला. आता ही सगळी यंत्रं एलटीएसपीवर, म्हणजे लिनक्स टर्मिनल सर्व्हर प्रोजेक्टवर चालतात. ज्यांची लॅब धूळ खात पडली आहे त्यांना मी हे मनापासून सुचवेन. सॉफ्टवेअर फुकट. सर्व्हरवर उबंटू बसवायचं, त्याचीच इमेज (म्हणजे पूर्ण सिस्टिमची एका फाइलीतली प्रत) तयार होते आणि बाकीचे पीसी डिस्कशिवाय नेटवर्कवरून बूट होतात. राउटरच्या डीएचसीपीला, म्हणजे प्रत्येक पीसीला नेटवर्कचा पत्ता देणाऱ्या सोयीला, हातही लावावा लागत नाही.

मात्र कसलाही डबा चालेल, असं समजू नका. २०१९ मध्ये एलटीएसपी नव्याने लिहिलं गेलं. त्यात प्रोग्रॅम पीसीच्याच प्रोसेसरवर आणि रॅमवर चालतात, सर्व्हर फाइली पुरवतो. हेच योग्य आहे, कारण प्रोग्रॅम सर्व्हरवर चालवले तर पडद्यावरचं चित्र नेटवर्कवरून पाठवावं लागतं. १०२४ बाय ७६८ चा व्हिडिओ सेकंदाला २५ फ्रेमने कॉम्प्रेस न करता पाठवायचा तर एकट्या पीसीला सुमारे ४७० एमबीपीएस (सेकंदाला मेगाबिट) लागतील, आणि जुनी लॅन कार्डं १०० ची! रॅम २ जीबीपेक्षा कमी नको. तेवढ्यात लिबरऑफिस नीट चालतं, फायरफॉक्समध्ये चार टॅब उघडले की रखडतं. ४ जीबी केल्यावर फरक लगेच जाणवतो. आमच्या जी३१ चिपसेटच्या मदरबोर्डांची कमाल मर्यादाही तेवढीच. ३२ बिटवाले पेंटियम फोर सरळ बाजूला काढा, त्यांच्यावर ६४ बिटची इमेज चढत नाही.

खरी मेख केबलमध्ये आहे. पीसीला १०० एमबीपीएस पुरतात, पण सर्व्हर ते स्विच (सगळ्या केबल जोडणारा डबा) गिगाबिटच, म्हणजे १००० एमबीपीएस, हवं, कारण तास सुरू झाला की सगळी मुलं एकदम बटण दाबतात. आमच्याकडे स्विच गिगाबिटचा, सर्व्हरचं कार्डही गिगाबिटचं, तरी बूट व्हायला युगं लागायची. सर्व्हरवर इथटूल ही लॅन कार्डाचा स्पीड दाखवणारी कमांड चालवली तर स्पीड १००. सर्व्हरच्या केबलचा जॅक हातात घेऊन उजेडात धरला तेव्हा कळलं: आठपैकी चारच वायरी क्रिंप केलेल्या, १, २, ३ आणि ६ नंबरच्या पिनांवर. शंभरला तेवढ्या पुरतात, गिगाबिटला आठही लागतात. नवा जॅक मारला आणि स्पीड १००० दाखवू लागला.

अजून एक. जुन्या मदरबोर्डचा सेल उतरलेला असतो. वीज गेली की बायॉस, म्हणजे पीसी सुरू करणारं मूळ सॉफ्टवेअर, बूट ऑर्डर (आधी कुठून सुरू व्हायचं तो क्रम) विसरतं आणि पीसी नेटवर्कऐवजी मेलेली डिस्क शोधत बसतो. सगळीकडे नवे सीआर२०३२ सेल घाला, खर्च किरकोळ आहे.

एपॉप्टीस नावाचं सॉफ्टवेअर सोबत जरूर घ्या. सगळ्यांचे स्क्रीन माझ्या टेबलावर दिसतात, मराठी टायपिंगच्या तासाला कोण कुठे अडलंय ते जागेवरून कळतं.

उणीव एकच, पण मोठी. सर्व्हर बंद पडला की अख्खी लॅब जागच्या जागी गोठते. म्हणून सर्व्हर आणि स्विच, दोन्ही यूपीएसवर घ्या. नुसता सर्व्हर घेऊन भागत नाही.