बॉण्डपट: नायक आणि दिग्दर्शकाची निवड

या मालिकेची सर्वांत नेमकी निवड म्हणजे मार्टिन कॅम्पबेल. १९९५ मध्ये पिअर्स ब्रॉस्नन आणि २००६ मध्ये डॅनियल क्रेग, दोघेही नवे बॉण्ड त्यांच्याच दिग्दर्शनाखाली उभे राहिले. नायक नवा असताना मारामारी आणि अभिनय दोन्ही सांभाळणारा दिग्दर्शक हवाच! स्क्रीन टेस्टला 'फ्रॉम रशिया विथ लव्ह'मधला शयनगृहातला प्रसंग देतात, तेही योग्यच. तिथे धोका आणि आकर्षण एकाच वेळी तोलावं लागतं. चुकतो तो वयाचा हिशेब. रॉजर मूर ४५व्या वर्षी बॉण्ड म्हणून आले आणि ५७व्या वर्षापर्यंत राहिले; शेवटी धावपळीच्या दृश्यांत डुप्लिकेट लपत नाही. तिशीतला नट घेतला, तर चार-पाच चित्रपट सहज निभतात. दिग्दर्शक जॉन ग्लेन यांना सलग पाच चित्रपट देणं मात्र जरा जास्तच झालं.