थकलेल्या हौशी बॉक्सरने काय निवडावं: पूर्ण सुट्टी, हलका आठवडा की नुसती झोप-जेवणाची दुरुस्ती?

बॉक्सर दमलाय हे ठोसे झेलायचे पॅड धरणाऱ्याला त्याच्या आधी कळतं. जॅब, म्हणजे पुढच्या हाताचा सरळ ठोसा, पॅडवर बसतो त्याचा आवाज बरेच दिवस तसाच राहतो, बिघडते ती हाताची परतीची वाट. गालापाशी परतायचा हात छातीजवळून, कधी पोटाजवळून रेंगाळत वर येतो. गेल्या हंगामात आमच्या क्लबातल्या एकोणीस वर्षांच्या एका पोराचं असंच झालं. बाउट, म्हणजे स्पर्धेतली लढत, पाच आठवड्यांवर आली होती. दोरी पायात अडकत होती. हाताला रॅप गुंडाळता गुंडाळता तो मध्येच थांबायचा आणि भिंतीकडे बघत बसायचा. शेवटी त्यानेच विचारलं, "सर, थोडे दिवस थांबू का? की रेटून नेऊ?"

त्याच्या प्रश्नात दोन पर्याय होते, खरे तीन असतात. सात-दहा दिवसांची पूर्ण सुट्टी हा एक. रोज जिममध्ये यायचं पण काम निम्म्यावर आणायचं, हा दुसरा, म्हणजे हलका आठवडा. तिसऱ्याला कोणी पर्याय मानतच नाही: सराव आहे तसाच ठेवायचा आणि झोप-जेवण ताळ्यावर आणायचं. रेटून नेणं मी मोजत नाही. माझ्या काळात मी ते करून पाहिलं; हाती आली ती दुखरी मनगटं आणि पहिल्याच फेरीतली हार.

आधी थकवा ओळखा

2013 मध्ये युरोप आणि अमेरिकेतल्या क्रीडाविज्ञानाच्या दोन मोठ्या संस्थांनी मिळून एक निवेदन काढलं. त्यात अतिसरावाच्या तीन पायऱ्या मांडल्या आहेत. पहिलीत मुद्दाम ताण वाढवलेला असतो, कामगिरी काही दिवस घसरते आणि विश्रांतीनंतर आधीपेक्षा वर येते. ही पायरी हवीच, तिच्याशिवाय सुधारणा नाही. दुसरीत घसरण आठवडे ते महिने टिकते आणि बदल्यात काही मिळत नाही. तिसरी म्हणजे खरा ओव्हरट्रेनिंग सिंड्रोम. त्यातून बाहेर यायला कित्येक महिने जातात.

गोची अशी की या तिन्ही पायऱ्या आतून सारख्याच वाटतात. नेमकं सांगणारी एकही रक्तचाचणी नाही. लोहाची कमतरता, थायरॉइड, दबलेला संसर्ग अशी इतर कारणं एकेक करून बाजूला काढत डॉक्टर निदानापर्यंत येतात. कुठली पायरी होती हे बरं व्हायला किती दिवस लागले त्यावरून मागाहून कळतं, आणि निर्णय तर आज घ्यायचा असतो.

म्हणून मी मुलांना वही ठेवायला लावतो. सकाळी जाग आली की अंथरुणातच मनगटावर दोन बोटं ठेवून पूर्ण एक मिनिट ठोके मोजायचे आणि लिहायचे. या पोराच्या वहीत आधी 54, 55, 53, 56 असे आकडे होते. मग सलग पाच दिवस 62, 64, 61, 63, 63. एका दिवसाच्या उडीला मी किंमत देत नाही, रात्री उशिरा झोपलं तरी ती येते. चार-पाच दिवस वाढ टिकली की मात्र कान टवकारतो. उलट बाजूही लक्षात ठेवा: नाडी नेहमीसारखी आहे म्हणजे सगळं ठीक आहे असं नाही. थकवा खोल मुरला की कडक राउंडमध्येही ठोके नेहमीइतके चढत नाहीत. मनगटावरचं घड्याळ बघून पोरगा खूश होतो की फिटनेस वाढला, आणि पाय तर शिशासारखे जड. नाडीच्या शेजारी एक शब्द मूडचाही लिहायचा. "चिडचिड", "बरं", "नको वाटतंय" एवढंच पुरे. माझ्या अनुभवात हा शब्द आकड्यापेक्षा कमी वेळा फसवतो.

सराव तोच, झोप-जेवण दुरुस्त

या पर्यायापासून सुरुवात करतो, कारण यात सरावाचा एक दिवसही जात नाही.

हौशी बॉक्सिंगमध्ये वरच्या गटाची बाउट तीन मिनिटांच्या तीन राउंडची, मध्ये एकेक मिनिट. एकूण अकरा मिनिटांचा खेळ. त्यासाठी पोरं सकाळी उपाशीपोटी धावतात, दिवसभर कॉलेज किंवा नोकरी करतात, संध्याकाळी दीड तास जिममध्ये घाम गाळतात, आणि वजनगटाच्या धास्तीने रात्रीचं ताट अर्धं करतात. स्नायूंमधला साखरेचा साठा कडक सरावानंतर पुरता भरायला, पुरेशी कर्बोदकं खाल्ली तरी, साधारण एक दिवस लागतो. दिवसातून दोनदा सराव आणि वर कर्बोदकं तोडलेली, म्हणजे तो साठा कधीच भरत नाही. मग तिसऱ्या राउंडला हात खाली येतात आणि पोरगा म्हणतो ओव्हरट्रेनिंग झालंय. झालेलं असतं अर्धपोटी राहणं.

आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने 2014 मध्ये या दीर्घकाळच्या ऊर्जा-तुटीला स्वतंत्र नाव दिलं. तिचा फटका हाडांना, हार्मोन्सना, प्रतिकारशक्तीला, सगळीकडे बसतो, आणि तो मुलग्यांनाही बसतो. मुलींमध्ये पाळी थांबणं ही सर्वांत ठळक खूण. "सरावामुळे होतं असं" म्हणून ती झटकणारे कोच मी पाहिलेत. तीन महिने पाळी आली नसेल तर वेळापत्रक बदलून भागणार नाही, डॉक्टरकडेच जावं लागतं.

मूड उतरलाय पण वेग शाबूत आहे, वजन उतरवणं चालू आहे किंवा नुकतंच झालंय, झोप सहा तासांच्या आसपास आहे, असं असेल तर आधी हा पर्याय घ्या. दहा दिवस द्या. मोठ्यांना सात ते नऊ तास झोप लागते, किशोरवयीन मुलांना आठ ते दहा. दहा दिवसांत नाडी आणि मूड जागेवर आले तर सरावाचा दोष नव्हता. न आले तर पुढच्या पर्यायाकडे वळा. यात अडचण एकच: ऐकायला हा सर्वांत सोपा आणि पाळायला सर्वांत कठीण. सराव कमी कर म्हटलं तर पोरं आढेवेढे घेत का होईना कमी करतात. रात्री दहाला फोन बाजूला ठेव म्हटलं तर नुसती मान डोलावतात.

हलका आठवडा

बहुतेकांना मी हाच सांगतो, आणि बहुतेक जण तो चुकीचा करतात.

स्पर्धेआधी सराव कसा उतरवावा यावर बरंच संशोधन झालंय. त्याचा निष्कर्ष मोठ्या प्रमाणात एकाच दिशेचा आहे: सरावाचं प्रमाण 40 ते 60 टक्क्यांनी कमी करा, तीव्रता तशीच ठेवा, दिवस फारसे तोडू नका. थकल्यावरच्या हलक्या आठवड्यालाही मी हेच माप लावतो. पोरं करतात उलटं. दहा राउंड बॅग दहाच ठेवतात, फक्त आळसटल्यासारखं मारतात. त्यात थकवाही उतरत नाही आणि ठोशाची धारही जाते. बॅगचे चारच राउंड करा, पण प्रत्येक कॉम्बिनेशन चाबकासारखं. पॅड तीनऐवजी दोन मिनिटांचे. लांब धावणं बंद, त्याऐवजी वीस-पंचवीस मिनिटं सावकाश. शॅडो, म्हणजे एकट्याने हवेत ठोसे मारायचा सराव, हवं तेवढं.

स्पारिंग, म्हणजे जोडीदाराशी सरावाची लढत, शून्य. 'हलकं' स्पारिंग ही रिंगमधली सर्वांत मोठी थाप आहे. पहिला राउंड हलका असतो, दुसऱ्यात एकाचा ठोसा जरा जोरात बसतो, आणि तिसऱ्यात दोघं भाऊबंदकीचा दावा लढल्यासारखे भिडलेले असतात. थकलेल्या माणसाची प्रतिक्रिया मंदावलेली असते, गार्ड उशिरा चढतो. एरवी हुकला असता तो ठोसा डोक्यात बसतो. म्हणून कपातीची कात्री आधी स्पारिंगवर. पोरं मात्र स्पारिंग सोडून बाकी सगळं सोडायला तयार असतात, कारण मजा तिथेच असते.

जे आधीपासून ठरवून दर चौथ्या आठवड्याला असं करतात, त्यांच्यावर "थांबू का" विचारायची वेळ क्वचित येते. एकूण काम न घटवताही बराच फरक पाडता येतो. क्रीडाशास्त्रज्ञ कार्ल फॉस्टर यांनी 1990 च्या दशकात सुचवलेला सरावाच्या भाराचा हिशेब सोपा आहे: सत्राची मिनिटं गुणिले ते किती कठीण वाटलं याचा दहापैकी आकडा. समजा एक बॉक्सर सहा दिवस रोज 75 मिनिटं, सहाच्या काठिण्याने करतो. रोजचे 450, आठवड्याचे 2700. दुसऱ्याचे सात दिवस असे: 720, 120, 630, पूर्ण सुट्टी, 720, 390, 120. बेरीज पुन्हा 2700. पण रोजच्या सरासरीला प्रमाण विचलनाने (आकडे सरासरीपासून किती पसरलेत त्याच्या मापाने) भागलं तर पहिल्याचा एकसुरीपणा 2 च्या वर जातो, दुसऱ्याचा दीडच्या खाली राहतो. फॉस्टर यांच्या निरीक्षणात एकसुरीपणा आणि एकूण भार दोन्ही वाढले की आजारपण वाढत होतं. आमच्याकडे पहिल्या बॉक्सरला मेहनती म्हणतात आणि दुसऱ्याला मूडी.

हाताच्या दुखण्यालाही हाच आठवडा बरा. स्नायू लवकर बळकट होतात. हाडं आणि कंडरा मागून, सावकाश. खांद्यात जोर आला तरी बोटांच्या सांध्यांना तो झेपेलच असं नाही. अशा वेळी हातांना सुट्टी आणि पायांना काम: फुटवर्क, दोरी, सायकल.

पूर्ण सुट्टी

इथे तुलनेला फार वाव नाही, कारण काही प्रसंगांत दुसरा पर्यायच नसतो. ताप असेल तर सराव बंद. विषाणूच्या तापात हृदयाच्या स्नायूला सूज येण्याचा धोका असतो. हाडात एका जागी बोट ठेवल्यावर दुखत असेल तर बंद. हलका आठवडा करूनही थकवा हलत नसेल तर बंद, आणि डॉक्टर.

डोक्याला मार लागून गरगरलं, आठवेनासं झालं, उजेड सहन होईना, तर त्याच क्षणी बंद. हा थकव्याचा प्रश्न उरतच नाही. आताची वैद्यकीय शिफारस पहिले 24 ते 48 तास सापेक्ष विश्रांतीची आहे, म्हणजे अंधाऱ्या खोलीत पडून राहणं नव्हे. हळू चालणं चालतं. पुढे टप्प्याटप्प्याने, आणि ठोसे खाण्याचा टप्पा डॉक्टरांनी हिरवा कंदील दाखवल्यावरच. हौशी बॉक्सिंगमध्ये डोक्यावरच्या माराने नॉकआउट झालेल्याला किमान 30 दिवस रिंगपासून दूर ठेवण्याची पद्धत आहे, आणि त्यात स्पारिंगही येतं.

बाकी वेळी सुट्टीला अडवते ती भीती: सगळं जाईल. दहा दिवसांत सगळं जात नाही. रक्तातल्या द्रवाचं प्रमाण काही दिवसांतच उतरू लागतं, त्यामुळे परतल्यावर पहिल्या दिवशी दम लवकर लागतो आणि माणूस घाबरतो. दमसास दोन आठवड्यांत थोडा घटतो. ताकद तीन-एक आठवडे जवळपास तशीच राहते. सर्वांत आधी हरवतं ते टायमिंग, असं मला वाटतं, आणि ते दोन-तीन दिवस पॅड केले की परत येतं. पूर्ण सुट्टीचा खरा तोटा वेगळाच आहे. मोकळ्या संध्याकाळी काय करायचं ते पोरांना कळत नाही. काही जण घरीच शंभर-शंभर पुश-अप काढतात, काही परततच नाहीत. सुट्टीत वजन वाढेल म्हणून जेवण अर्धं करणं ही दुसरी चूक. मग ती सुट्टी नावालाच.

कॅलेंडर समोर ठेवून

बाउट दोन आठवड्यांच्या आत असेल तर पूर्ण सुट्टी (वर सांगितलेले प्रसंग सोडून) घेऊ नका, हलकंच काम करा. ते तसंही करायचंच असतं. चार-सहा आठवडे असतील तर लगेच हलका आठवडा, सोबत झोप-जेवणाची दुरुस्ती, आणि सातव्या दिवशी वही उघडून पुन्हा निर्णय. बाउट ठरलेलीच नसेल तर पूर्ण सुट्टीला यापेक्षा चांगला मुहूर्त नाही, आणि गंमत म्हणजे नेमकी तेव्हाच कोणी ती मागत नाही. तीन-चार आठवडे झाले तरी घसरण चालू असेल तर बाउट सोडा. हे सांगताना कोचलाही जड जातं, म्हणून लेखीच ठरवून ठेवलेलं बरं.

त्या पोराला मी हलका आठवडा दिला, स्पारिंग काढलं आणि रात्रीचं ताट पूर्ण करायला लावलं. पाचव्या दिवशी नाडी 57 वर आली. आठव्या दिवशी जॅब गालापाशी परतू लागला. वजन 1.2 किलोने वाढलं होतं, आणि नाडीचा किंवा जॅबचा विषय बाजूलाच ठेवून तो माझ्याशी दोन दिवस फक्त त्या 1.2 किलोवरून भांडला.