१.८ किलोची सर्व्हायव्हल बॅग आणि माझे २७,१४७ रुपये

आकडा आधीच सांगून टाकते, म्हणजे "नक्की किती गेले?" असं कुणी हळूच विचारायला नको. दोन बॅगांचे ६,२९८. 'पार्सल सोडवण्याचे' ८५०. आणि हे पैसे परत मिळवण्याच्या नादात वर १९,९९९. एकूण २७,१४७ रुपये. मी हिशेब खात्यात नोकरी करते. दुसऱ्यांच्या बिलांतल्या चुका काढणं हे माझं पोटापाण्याचं काम आहे, त्यामुळे ऑफिसात अजून कुणाला पत्ता लागू दिलेला नाही.

जाहिरात तुमच्याही मोबाइलवर येऊन गेली असेल. 'हंटिंग सर्व्हायव्हल बॅग, ४२ वस्तू, वजन फक्त १.८ किलो.' दाढीवाला एक गोरा माणूस भर पावसात एका फटक्यात आग पेटवतो, डबक्यातलं पाणी नळीने पितो आणि चंदेरी चादर गुंडाळून झोपी जातो. मूळ किंमत १२,९९९, आज ३,४९९, खाली उलटं पळणारं घड्याळ. त्या घड्याळाला मी भुलले नाही, एवढं लक्षात घ्या. पान पुन्हा उघडलं की ते पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं, हे मला ठाऊक होतं.

मी भुलले ती वजनाला. सह्याद्रीत पावसाळी ट्रेकला आमच्या ग्रुपची औषधं, दोरी, टॉर्च हे सगळं वर्षानुवर्षं माझ्याच पाठीवर असतं. भिजल्यावर ती सॅक धोंड्यासारखी होते आणि उतारावर गुडघे बोलायला लागतात. ज्याला हा त्रास नाही त्याने "एवढं कसं कळलं नाही" म्हणू नये. भाचाही नुकताच डोंगरात जायला लागलाय, त्याला वाढदिवसाची भेट म्हणून एक. आगाऊ पैसे भरल्यास १० टक्के सूट, म्हणजे ३,१४९ ची एक. दोन घेतल्या. कॅश ऑन डिलिव्हरीचा पर्याय होता, पण त्याला २०० रुपये जास्त पडत होते. ते २०० वाचवले मी!

आता ज्या गोष्टीने मला अजून रात्री झोप लागत नाही ती सांगते. सामानाची यादी आणि एकूण वजन एकाच पानावर होतं. एकाखाली एक. २५ लिटरची पाठपिशवी: रिकामी असली तरी अर्धा किलो धरा. कुऱ्हाड: लहानात लहान घेतली तरी पातं-दांडा मिळून अर्ध्या किलोच्या आसपास. घडीचं फावडं, लोखंडी. स्लीपिंग बॅग: या किमतीत पिसांची मिळत नाही, पॉलिएस्टरची म्हणजे किलोभर. इथेच दोन किलो पार झाले. अजून स्टीलचा मग, चाकू, टॉर्च, दोरी, औषधांची पेटी यायचीच आहे. दुसरीतल्या पोराने केली असती ही बेरीज. मी दिवसभर बेरजाच करते, आणि इथे मनाशी म्हटलं, टायटॅनियमचं असेल. ३,४९९ रुपयांत टायटॅनियम!

आणि तेवढ्यावरही देवाने आणखी एक संधी दिली होती. त्याच पानावर लिहिलं होतं, 'शिकारीचा परवाना ठेवण्यासाठी पारदर्शक कप्पा' आणि 'हरणाच्या मांसासाठी चार पिशव्या'. आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ पासून आहे, हौसेने शिकार करायला परवाना देणार कोण? हा मजकूर कुठल्या तरी परदेशी दुकानातून उचललेला आहे, हे उघड होतं. मी तो बहिणीला मोठ्याने वाचून दाखवला, दोघी हसलो. हसून झाल्यावर मी पैसे भरले.

८५० चं फार लांबवत नाही. 'पत्ता अपूर्ण असल्याने पार्सल अडकले आहे, हाताळणी शुल्क भरा', खाली लिंक. कुरिअरवाला पत्त्यासाठी फोन करतो, लिंक पाठवून पैसे मागत नाही. पुढे.

खोकं आलं. किचनच्या काट्यावर एक बॅग भरली ती १,१४० ग्रॅम. कुऱ्हाड नाही, फावडं नाही, स्लीपिंग बॅग नाही. पण ४२ चा आकडा बरोबर होता हो! सेफ्टी पिना १०, चिकटपट्ट्या १२, कान साफ करायच्या काड्या ८. झाल्या ३० वस्तू. उरलेल्या बारा वस्तूंचं वर्णन ऐका, कारण असला माल सुटासुटाही विकला जातो आणि तो घरी तपासता येतो.

आग पेटवायची कांडी. खऱ्या फेरोसेरियमच्या (ठिणग्या देणाऱ्या मिश्रधातूच्या) कांडीवर चाकूची पाठ घासली की सुमारे ३,००० अंश सेल्सिअसच्या ठिणग्या पडतात, ओली असली तरी. पहिल्यांदा वरचा काळा थर खरवडावा लागतो. माझा थर निघाला आणि खाली साधी चकचकीत सळई. घासत बसले, ठिणगी म्हणून नाही.

पाण्याची नळी. चांगल्या नळीत पोकळ तंतूंचा गाळण असतो, ०.१ मायक्रॉनच्या छिद्रांचा. तो जिवाणू आणि अमिबासारखे जीव अडवतो, विषाणू अडवत नाही. मी ब्लेडने नळी उभी चिरली. आत कापूस आणि कोळशाचे खडे. या नळीने गडावरच्या टाक्यातलं पाणी भाच्याने प्यायलं असतं, आणि मीच त्याला "पी रे, फिल्टर आहे" म्हटलं असतं. नळीची खात्री नसेल तर पाणी खळखळ उकळू लागल्यावर निदान एक मिनिट तसंच राहू द्या, दोन हजार मीटरच्या वर तीन मिनिटं.

टॉर्चमधल्या सेलवर क्षमता छापलीय ९९०० एमएएच. १८६५० मापाच्या (१८ मिमी जाड, ६५ मिमी लांब) चांगल्यात चांगल्या सेलची मजल साधारण ३,५०० ते ४,००० पर्यंत. त्याहून मोठा आकडा दिसला की दुकान बंद करून निघायचं. वजनही करा: खरा सेल ४५ ग्रॅमच्या आसपास भरतो, माझा २४ भरला. पॅराकॉर्डला, म्हणजे पॅराशूटच्या धर्तीच्या मजबूत नायलॉन दोरीला, कात्री लावली. ५५० पौंडांच्या, म्हणजे अडीचशे किलोच्या दोरीत सात पिळाचे धागे असतात. माझ्या दोरीत पिंजलेला कापूस निघाला. चंदेरी चादर मात्र खरी होती. तेवढीच. ती पन्नास-साठ ग्रॅमची असते आणि कुठेही स्वस्तात मिळते.

आणि टूर्निके, म्हणजे रक्त थांबवायचा पट्टा. तो मी स्वतःच्या मांडीला लावून पाहिला. प्लास्टिकची दांडी पिळताना आधी वाकली, मग मोडली. इथे माझं डोकं फिरलं. कापूस भरलेली दोरी विकणारा चोर असतो. पण कुणाच्या तरी मांडीतून रक्त वाहत असताना जी दांडी हातात मोडून येणार आहे, ती विकणाऱ्याला काय म्हणायचं?

म्हणूनच पैसे परत हवे होते, आणि त्या रागातच पुढची माती खाल्ली. पानावरचा नंबर कुणी उचलेना. मी त्या दुकानाच्या नावापुढे 'कस्टमर केअर' लिहून शोध घेतला आणि वर जो नंबर आला तो फिरवला. हे कधीही करू नका. माणूस स्वच्छ मराठीत बोलला. "ताई, अशा खूप तक्रारी आल्यात, मलाच लाज वाटते बघा" म्हणाला. मग पैसे पाठवायचं ॲप उघडायला लावलं आणि सांगितलं, "तुमचा परतावा कोड आहे १९९९९, तो चौकटीत टाका." चौकट रकमेची होती. मी तसं म्हटलंही. "रक्कम नाही ताई, कोड आहे, सिस्टिम तशीच आहे." माझे येणे होते ७,१४८. कोडच असेल तर रकमेच्या चौकटीत कशाला, हे विचारायच्या आत फोन तुटत होता, तो घाई करत होता, कुकरची शिट्टी चालू होती. पिन टाकला.

पिन पैसे देताना लागतो, घेताना लागत नाही. हा संदेश सोसायटीच्या ग्रुपवर मीच टाकला होता. टाळ्यांच्या चिन्हांसकट.

यापुढचा अनुभव पैसे जाण्यापेक्षा वाईट. मी आधी बँकेला फोन लावला आणि 'मराठीसाठी दोन दाबा'मध्ये दोन तास घालवले. तुम्ही आधी १९३० (सायबर फसवणुकीची सरकारी हेल्पलाइन) फिरवा, मग बँक. पैसे पुढच्या खात्यात असेतो गोठवता येतात, नंतर ते दहा ठिकाणी फुटतात. बँकेतल्या बाईंनी मान वर न करता सांगितलं, "पिन तुम्हीच टाकलाय ना मॅडम?" रिझर्व्ह बँकेचं ६ जुलै २०१७ चं परिपत्रक मी छापून नेलं होतं. त्यात तिऱ्हाइताच्या घुसखोरीने पैसे गेले आणि तीन कामकाजी दिवसांत कळवलं तर ग्राहकावर बोजा नव्हता, पण ग्राहकाच्या निष्काळजीपणाने गेले तर कळवेपर्यंतचं नुकसान ग्राहकाचंच. ठीक आहे, मान्य. पण तक्रारीची पोच आणि क्रमांक द्यायचा, हेही त्याच परिपत्रकात होतं. तो लेखी मिळवायला मला मॅनेजरच्या केबिनबाहेर बसून राहावं लागलं. पोच म्हणजे त्यांच्या घरची इस्टेट!

पोलीस ठाण्यात पहिला प्रश्न, "रक्कम किती?" सत्तावीस हजार म्हटल्यावर हवालदाराच्या चेहऱ्यावरचा रसच गेला. मग "हद्द आमची नाही, ऑनलाइन करा." ऑनलाइन केली होती, सायबरक्राइमच्या सरकारी पोर्टलवर, क्रमांक दाखवला. "मग इथे कशाला आलात?" १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे हद्द कुठलीही असो, दखलपात्र गुन्ह्याची माहिती नोंदवून घ्यावी लागते, हे सांगितलं. "साहेब आल्यावर बघू." साहेब आले, बघून गेले. एक जण तर मला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाला, शिकलेली माणसं असं करायला लागल्यावर आम्ही काय करायचं. तुम्ही गुन्हा नोंदवा, बाकी माझं शिक्षण मी बघते! अखेर साध्या अर्जावर 'आवक'चा शिक्का मिळाला. शिक्क्याशिवाय उठू नका.

कुरिअर कंपनी: आम्ही फक्त पोचवतो. जाहिरात दाखवणारं ॲप: तक्रार तपासली, नियमभंग आढळला नाही. नियम! २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार तक्रार निवारण अधिकाऱ्याचं नाव आणि संपर्क पानावर हवा, ४८ तासांत पोच, महिन्याभरात निवारण. त्या पानावर अधिकारी तर नव्हताच, पत्त्यातला पिन कोडही पाच आकडी होता. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या दाव्याला फी नाही, हे खरं आहे आणि मी अर्ज करणारच आहे. पण नोटीस कुणाच्या नावे काढायची? पोर्टलवर माझ्या तक्रारीपुढे अजूनही 'प्रक्रियेत' एवढंच दिसतं. ती जाहिरात मात्र नव्या नावाने परत आली आहे: वस्तू ४६, वजन १.५ किलो.

भाच्याने मला तोंडावर काही म्हटलं नाही. "मावशी, आपणच भरू ना बॅग" म्हणाला आणि काटा घेऊन बसला. शिट्टी (तीनदा फुंकायची, मग थांबायचं), चंदेरी चादर, दोन लायटर वेगवेगळ्या पिशव्यांत, क्लोरीनच्या गोळ्या, ओआरएस, त्रिकोणी पट्ट्या, हेडटॉर्च, जादा सेल, खरी पॅराकॉर्ड. एकेक वस्तू तोलून कागदावर मांडली. किलोच्या आत बसलं सगळं, कुऱ्हाडीवाचून कुणाचं अडत नाही. टूर्निके औषध-उपकरणांच्या दुकानातून, दांडी हाताने वाकवून पाहून आणि बिल घेऊन घेतला.

ज्यांच्या घरी ही बॅग आधीच येऊन पडली आहे त्यांनी ती कुणाला दान करू नये. टूर्निकेचा पट्टा कात्रीने आडवा कापा, नाहीतर भंगारातून तो दुसऱ्या कुणाच्या तरी औषधपेटीत जाईल. नळी मोडा. आणि तो ९९०० वाला सेल चार्जिंगला लावून झोपू नका. ई-कचऱ्यात द्या, टोकांना चिकटपट्टी लावून.